वरच्या मजल्यावरचा धम्म

विहार समितीचे अध्यक्ष एका संध्याकाळी घरी आले आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तुमच्या वरच्या दोन खोल्या पाहिजेत."

मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, म्हणून वस्तीत मला सगळे मॅडमच म्हणतात. माझे मिस्टर टेलिफोनच्या ऑफिसातून माझ्या आधीच घरी बसले होते. सक्करदऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत आमचं घर. वरच्या खोल्या पुतण्या शिकायला येईल म्हणून बांधल्या होत्या. तो पुण्याला गेला आणि खोल्या तशाच राहिल्या. खाली आम्ही दोघं आणि आमची लेक.

"तैवानहून एक जोडपं येऊन राहिलं," अध्यक्ष म्हणाले. "दोघंही आपल्याच वयाचे. तिकडच्या संघानं पाठवलं. दोन वर्षं इथं राहून धम्मसेवा करणार. आता समितीत धड इंग्रजी कोणाले येते? तुमचं घर सोडून त्याहीले ठेवू कुठं?"

मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला फार अभिमान वाटला. माझे वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, आणि परत येऊन घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडून आले. त्यानंतर कित्येक वर्षं आम्हाला नातेवाइकांच्या पलीकडे दुसरे बौद्ध माहीतच नव्हते. आणि आता समुद्रापलीकडचे, पिढ्यान् पिढ्यांचे बौद्ध माझ्या घरात राहायला येणार होते. वडील असते तर त्यांनी नवा सदरा शिवला असता.

ते आले ते एप्रिलमध्ये, नागपूरचं ऊन कसं असतं याची काहीच कल्पना नसताना. गृहस्थ उंच, सडपातळ, केस पांढरे. कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांना आम्ही सर म्हणू लागलो. त्यांच्या बायको ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, सतत हसऱ्या. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. त्यांना वस्तीतल्या बायका पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागल्या. मिस्टरांनी कूलर वर चढवला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. दोघांनी हात जोडून कूलर परत खाली पाठवला. सेवेला आलो आहोत, आरामाला नाही, असं सर म्हणाले. मे महिन्यात ताईंना उन्हाने चक्कर आली तेव्हा मिस्टरांनी काही न विचारता तो पुन्हा वर नेऊन लावला.

पहाटे वरून टक-टक आवाज सुरू व्हायचा. लाकडाचा पोकळ मासा त्यांनी सोबत आणला होता. एका दांड्याने तो वाजवत दोघं त्यांच्या भाषेत सूत्रं म्हणत. मग झाडू घेऊन खाली येत. आधी जिना, मग आमचं अंगण, मग गल्ली. पहिल्या दिवशी मी धावत बाहेर गेले आणि झाडू हातातून घेऊ लागले, तर सर म्हणाले, "आमची साधना आहे ही. कृपा करून घेऊ नका."

समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ गेटला टेकून पाहत होते. त्यांचे वडील नगरपालिकेत झाडूला होते. ते मला म्हणाले, "कमाल आहे मॅडम. झाडू सोडाले आमच्या दोन पिढ्या गेल्या, अन् हे इमानात बसून झाडू माराले आले."

आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

सकाळी ते विहारात जात. विहाराच्या मागची नाली कित्येक महिन्यांपासून तुंबली होती. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती स्वतः मोकळी केली. संडास धुतले. समितीचे लोक बाजूला उभे राहून त्यांचे फोटो काढत होते. एकानेही बादली उचलली नाही. ताई बुधवारच्या बाजारात जाऊन भाजी आणत आणि भाजीवाल्यांकडून एकेक शब्द शिकून येत. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. तो शब्द त्यांना इतका आवडला की बरेच दिवस त्या मला पाहिलं की नमस्काराऐवजी "सांभार!" म्हणून हसत. संध्याकाळी त्या लहान मुलांना विहारात ध्यानाला बसवत. रविवारी मोठ्यांचा वर्ग असे. त्यात सर इंग्रजीतून बोलत आणि मी मराठीत सांगे.

थंडीत एकदा आम्ही सगळे पारशिवनीकडच्या दोन गावांत ब्लँकेट वाटायला गेलो होतो. तिथल्या एका म्हातारीच्या पायाला जखम झाली होती. सर जमिनीवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि कोमट पाण्याने धुऊन पट्टी बांधली. म्हातारी पाय ओढत होती, "नोको बाप्पा, पाप लागन मले" म्हणत होती. मी ते सरांना सांगितलं नाही, पण माझे डोळे भरून आले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसांच्या हातून झालं असतं तर मी केव्हाच विसरून गेले असते.

पहिला खटका उडाला तो जेवणावरून. ते दोघं मांस-मासे खात नव्हते, हे ठीक. पण कांदा आणि लसूणही खात नव्हते. हे कळल्यावर बायका माझ्याकडे कुजबुजत आल्या. "कांदा-लसूण बी नाही? म्हणजे बामनावानी?" मी त्यांना समजावलं की त्यांच्या देशात बौद्ध उपासक असंच खातात. एकजण म्हणाली, "मंग आपण कोण हाओत वं मॅडम?"

एक दिवस ताई खाली आल्या, मागे सर. ताईंनी हात जोडले आणि सर बोलले. आमच्या स्वयंपाकघरातला वास सूत्राच्या वेळी वर येतो. ताईंना त्रास होतो. तळणं दुसऱ्या वेळी केलं तर फार उपकार होतील. विनंती होती, हुकूम नव्हता. मी त्या दिवशी सुकट भाजत होते. गॅस बंद केला आणि म्हणाले, "हो, हो, काहीच हरकत नाही."

ते वर गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. लग्नानंतर आम्ही धंतोलीच्या बाजूला एक खोली घेतली होती. घरमालकीण चांगली होती, मला मुलीसारखी वागवायची. आमच्या आडनावावरून तिला नीट अंदाज आला नव्हता. मग एका रविवारी मी सुकट केली, आणि त्या वासाने तिला आमचं आडनाव समजलं. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की तिचा भाऊ राहायला येणार आहे. आम्ही सामान सायकल रिक्षात घालून सासरी परतलो. त्यानंतर मी मिस्टरांना म्हणाले होते, घर बांधू तेव्हा पहिल्या दिवशी सुकट करीन. आणि केली होती.

आता त्याच घरात मी आपणहून खिडक्या लावू लागले. रविवारचं मटण नणंदेकडे मानेवाड्याला व्हायला लागलं. डबा घरी आणून आम्ही थंडच खायचो. मिस्टर म्हणाले, "आपल्याच घरी आपण भाड्यानं राहून राहिलो."

"पाहुणे आहेत," मी म्हणाले.

पण हे सगळं मी सहन केलं ते आमच्या लेकीसाठी.

आमच्या लेकीने तिशी ओलांडली आहे. तिचा उजवा हात कोपरापासून वाकलेला, चाल तिरपी, बोलणं तुटक. घरच्यांनाच समजतं. मन सात-आठ वर्षांच्या पोरीचं. ती जन्मली तेव्हा मी रात्रभर कळा देत होते आणि डॉक्टर आले नव्हते. नर्स म्हणत राहिली, येतीलच. माझी आई दवाखान्याच्या व्हरांड्यात ज्याच्या-त्याच्या पाया पडत होती. डॉक्टर आले तोवर बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. पुढे मोठ्या डॉक्टरांनी ते मला कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं. काय झालं, केव्हा झालं, काय केलं असतं तर टळलं असतं, सगळं.

तिला कधी कोणी मैत्रीण नव्हती. वस्तीतल्या मुली लहानपणी खेळायला घेत, मग मोठ्या होऊन लग्न करून गेल्या. ताई आल्या आणि तिला मैत्रीण मिळाली. कठडा धरून एकेक पायरी चढत ती दुपारी वर जायची. ताई तिच्या केसांना तेल लावत, वेणी घालत. रंगीत कागदाची कमळं करायला त्यांनी तिला शिकवलं. तिच्या वाकड्या हातात कागद धरायला देत आणि डाव्या हाताने घडी घालून घेत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून त्यांचं फार छान जमत होतं. वरून लेकीचं खिदळणं ऐकू यायचं. मी खाली पेपर वाचत बसायचे. तीस-पस्तीस वर्षांत दुपारचा पेपर मला असा सलग वाचायला मिळाला नव्हता.

मग तो रविवार आला.

विहार भरलेलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. लेक सगळ्यांत पुढे ताईंना चिकटून बसली होती. सर बोलत होते ते सेवेबद्दल. ते दोन-तीन वाक्यं बोलत, थांबत, मी मराठीत सांगे. अशी आमची लय बसली होती.

"मी तुम्हाला एका मुलीबद्दल सांगतो. तुम्ही सगळे तिला ओळखता," सर म्हणाले. मी मराठीत सांगितलं. लेकीला कळलं की गोष्ट तिची आहे. ती वळून सगळ्यांकडे पाहून हसली.

सर पुढे बोलले आणि मी थांबले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, जास्त सावकाश म्हटलं. मग त्यांना राहवलं नाही आणि ते बोलतच गेले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"काय म्हणले वं मॅडम?" मागून एक बाई म्हणाली. "सांगा ना."

मी सांगितलं. आयुष्यभर वर्गात वाक्य गाळून शिकवलं नव्हतं, तिथेही गाळलं नाही. "सर म्हणतात, या मुलीच्या हातून मागच्या जन्मी कोणाला तरी मोठी इजा झाली असेल. म्हणून या जन्मी तिला असा हात मिळाला. तिच्या आईबापांचंही मागचं काही देणं असेल, म्हणून ती त्यांच्या पोटी आली. ती हसतमुखाने सोसते, म्हणून तिचं कर्म झिजून चाललं आहे. सर म्हणतात, तुमच्या वाडवडिलांना लोकांनी शिवू दिलं नाही, पाणी दिलं नाही. त्याचंही बीज मागे कुठेतरी असेल. लोकांवर राग धरू नका. राग धरला तर पुढचा जन्मही तसाच येईल."

मग भिंतीशी बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या. विड्या वळून त्यांनी चार मुलं वाढवली होती. विहाराच्या पायाची माती त्यांनी डोक्यावर वाहिली होती. त्या थेट सरांकडे पाहून बोलल्या. "हेच तर सांगत होते आम्हाले गावात. पाटील बी सांगे, भट बी सांगे, तुमचं मागचं पाप आहे. ते आईकून आईकून कटाळलो म्हणून तर इकडं आलो. अन् तुम्ही एवढ्या दुरून तेच घेऊन आले का गा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेही भाषांतर केलं, जसंच्या तसं.

पुरुषांच्या बाजूने मिस्टर उठले. सगळ्यांच्या मधून चालत पुढे आले आणि लेकीचा हात धरला. "चाल बेटा." तिला जायचं नव्हतं. तिने ताईंचा झगा मुठीत धरून ठेवला. ताईंना काय झालं ते कळत नव्हतं, त्या एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या. मिस्टरांनी लेकीची बोटं एकेक करून सोडवली. ती रडत, ओरडत बाहेर गेली. तिच्यामागे मी.

संध्याकाळी सर खाली आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. "मी काही चुकीचं बोललो का?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता.

मी म्हणाले, "सर, माझी मुलगी जन्मली तेव्हा डॉक्टर वेळेवर आले नाहीत. ते दवाखान्यातच होते. शेजारच्या खोलीत चहा पीत बसले होते. आम्ही कोण आहोत, ते त्यांना केसपेपरवरून माहीत होतं. तिच्या हाताचं कारण हे आहे. त्यासाठी मागच्या जन्मात जायची गरज नाही."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसे म्हणाले, "हो. पण त्याच रात्री, तुमच्याच वेळी, ते चहा पीत का बसले?"

मिस्टरांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजतं. त्यांनी उठून दार उघडलं आणि धरून ठेवलं. सर आम्हाला वाकून नमस्कार करून वर गेले.

तो प्रश्न मी त्यांना कधी माफ केला नाही. ते रागावून बोलले असते तर भांडता आलं असतं. त्यांच्या आवाजात दया होती. त्या दयेतून तो डॉक्टर सुटला, ती घरमालकीण सुटली, माझ्या वडिलांना विहिरीवरून हाकलणारे सगळे सुटले. अडकलो ते फक्त आम्ही. मिस्टर नंतर म्हणाले, "त्याहीचं बी काही झालं असन, काही गेलं असन त्यायचं. त्याबिगर माणूस असं नाही बोलत." असेल. मी विचारलं नाही. मला जाणून घ्यायचं नव्हतं.

दोन दिवसांनी अध्यक्ष आले, सोबत समितीचे दोघं. मला वाटलं, विचारपूस करायला आले. मी पोहे टाकायला उठले.

"बसा मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "थोडं सांभाळून घ्यायचं होतं तुम्ही."

"कोणी?"

"तुम्ही. आता तिकडून मूर्ती येऊन राहिली. एवढी मोठी, सोन्याचा मुलामा असलेली. जहाजावर चढली म्हणतात. अन् तुम्ही भर विहारात..."

"मी काय केलं भाऊ? सर बोलले ते सांगितलं."

"तेच ना. काहून सांगितलं? सेवा करा म्हणते, असं सांगून द्यायचं. तिथं कोणाले इंग्रजी समजते?"

"मले समजते," मी म्हणाले.

मग दुसरे सदस्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ते काही आपल्याले पटते असं नाही. आपल्या घरी थोडीच मानतो आपण? पण मूर्ती बसेपर्यंत..."

मी त्यांना विचारलं, विहारात बुद्धाच्या शेजारी ज्यांची तसबीर आहे, ज्यांनी आम्हाला हा धम्म दिला, त्यांनी आम्हाला तेव्हा काय सोडायला लावलं होतं? आणि मूर्ती बसल्यावर त्यांच्या डोळ्याला डोळा कसा देणार? अध्यक्ष उठताना म्हणाले की पुढच्या रविवारपासून त्यांची सून भाषांतर करेल. ती मिहानमध्ये कंपनीत आहे, तिचं इंग्रजी फर्स्ट क्लास आहे. मला विश्रांती मिळेल.

मी त्या वर्गाला गेले नाही. बायका सांगत की आता फार गोड ऐकायला मिळतं. सर पाच मिनिटं बोलतात, सून एका मिनिटात सांगते. गर्दी वाढली. विड्या वळणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई मात्र परत आल्या नाहीत. महिनाभरात सर आणि ताई समितीच्या एका सदस्याच्या नव्या बंगल्यात राहायला गेले. आम्ही त्यांना जा म्हणालो नव्हतो, पण राहा असंही म्हणालो नाही. सामान जेमतेम ऑटोभर. ताई खूप रडल्या. माझे दोन्ही हात धरून काहीतरी म्हणत होत्या. त्यातला "सॉरी" एवढाच शब्द मला कळला. कशासाठी सॉरी, ते त्यांनाही कळलं होतं असं वाटत नाही.

मी त्या दिवशी सुकट केली. मिस्टरांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. लेक जेवलीच नाही. ती जिन्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. वर कोणी नाही हे मी तिला दार उघडून दाखवलं. ती प्रत्येक खोलीत गेली, बाथरूममध्येही पाहिलं, आणि परत पायरीवर येऊन बसली. बाजू आम्ही घेतली होती, बरोबर घेतली होती, आणि मैत्रीण तिची गेली होती.

शेवटी मिस्टरच म्हणाले, "पोरीले नेऊन आण वं एकदा. आपलं भांडण आपल्यापाशी. तिचं काय त्यात?"

मी तिला तयार केलं, आवडता निळा ड्रेस घातला, आणि त्या बंगल्यावर घेऊन गेले. ताईंनी दार उघडताच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला बरं वाटलं. मी दुपारी सोडून येऊ लागले, संध्याकाळी आणू लागले. काही आठवडे असे गेले. लेक पुन्हा जेवायला लागली, हसायला लागली.

एका संध्याकाळी मी लवकर गेले. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत ताईंनी लहानशी बुद्धमूर्ती मांडली होती, समोर उदबत्ती. लेक मूर्तीपुढे गुडघ्यांवर होती. तिला गुडघ्यांवर बसता येत नाही, एक पाय बाजूला पडतो, म्हणून ताईंनी उशी लावून दिली होती. ताई तिच्यामागे बसून तिचा वाकडा हात डाव्या हाताला जुळवून धरत होत्या. लेक वाकायची, कपाळ टेकवायची, उठायची आणि म्हणायची, "मा... फ... करा." ताईही तिच्यासोबत म्हणायच्या, "माफ करा." त्यांनी मराठी शब्द शिकून घेतले होते. तिला समजावं म्हणून. पुन्हा वाकायचं, पुन्हा म्हणायचं.

ताईंनी मला पाहिलं आणि हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. त्या किती वेळ तिला आधार देत होत्या कोण जाणे. "गुड," त्या लेकीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "व्हेरी गुड. नेक्स्ट लाइफ, ब्युटिफुल."

मी लेकीला उठवलं, चपला घातल्या, घरी आणलं. पुन्हा नेलं नाही.

मूर्ती बसली. मोठा मंडप होता, पाहुणे होते, जेवणावळ होती. आमंत्रण आलं, आम्ही गेलो नाही. मिस्टर गच्चीवरून लाउडस्पीकर ऐकत होते. अध्यक्षांच्या भाषणात बंधुभाव आला, विश्व आलं, तैवान आलं. पावसाळ्याच्या तोंडाशी सर आणि ताई परत गेले. जाण्याआधी निरोपाला आले असतील, आम्ही त्या दिवशी नणंदेकडे होतो. गेटला कागदी कमळांची एक माळ अडकवलेली होती. मी ती काढून कचऱ्यात टाकली, आणि मग लेकीने मागितली तर काय, म्हणून परत काढून कपाटात वर ठेवली. अजून तिथेच आहे. तिला दाखवलेली नाही.

आता आम्ही त्या विहारात जात नाही. सकाळी घरीच वंदना घेतो. गेल्या महिन्यात औषधाच्या दुकानात वस्तीतली एक तरुण बाई भेटली. तिच्या बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं होतं. मी तिचा हात धरला, डॉक्टरांचं नाव विचारलं, कुठल्या योजनेत ऑपरेशन होतं ते सांगू लागले. ती ऐकत होती, पण डोळे दुसरीकडेच. मग म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम. माझंच मागच्या जन्मीचं काही असन." माझ्या वर्गातली पोरगी होती ती. तिची आजी माझ्या वडिलांसोबत दीक्षेला उभी होती. मी तिला रागावले. दुकानातले लोक वळून पाहू लागले, तरी रागावले. ती रडायला लागली आणि औषध न घेताच निघून गेली.

लेक मात्र ते शब्द विसरली नाही. इतर कितीतरी शब्द ती शिकते आणि विसरते, हे टिकले. सकाळी आम्ही तसबिरीपुढे उभे राहतो, मिस्टर त्रिशरण म्हणतात, मी मेणबत्ती लावते. आमची वंदना संपली की ती पुढे होते, पाय बाजूला टाकून कशीबशी खाली बसते, हात जुळवते आणि म्हणते, "माफ करा." आम्ही तिला दुसरे शब्द शिकवून पाहिले, लक्ष दुसरीकडे वळवून पाहिलं, एकदा मी ओरडलेही. मिस्टर तिच्याजवळ खाली बसतात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसतात.

"कायची माफी मागून राहिली बेटा?" ते म्हणतात. "तू काहीच नाही केलं."

ती त्यांच्याकडे पाहून हसते. तिला वाटतं, तिचं काहीतरी चुकलं, नीट म्हटलं गेलं नाही. म्हणून ती परत वाकते आणि या वेळी जास्त स्पष्ट म्हणते.